एस्पेरांतोचे नियम आता तरी बदलायला हवेत

रानवाट (धागाकर्ता)
एस्पेरांतो शिकून मला बरीच वर्षं झाली, भाषेवर जीव आहे म्हणूनच हे लिहितोय. १८८७ मध्ये वॉर्साला झामेनहॉफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सोळा नियमांची ही भाषा छापली. हेतू हा की कुठल्याही एका देशाची नसलेली आणि सगळ्यांना झटपट जमेल अशी एक भाषा जगाला मिळावी. आज बोलणारे किती विचाराल तर एक लाखापासून वीस लाखांपर्यंत वाट्टेल ते अंदाज ऐकायला मिळतात. २०१५ ला डुओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपवर कोर्स आला, लाखो लोकांनी नाव नोंदवलं, पण टिकले किती? माझ्या मते लोक सुटतात त्याची कारणं भाषेच्या आतच आहेत आणि ती काढता येतात.

पहिलं म्हणजे कर्माचा 'न'. 'ला हुंदो' म्हणजे कुत्रा, पण मी कुत्रा बघतो म्हणायचं तर 'मी विदास ला हुंदोन'. विशेषणालाही तोच न, अनेकवचन असेल तर आधी य आणि मग न, म्हणजे चांगले कुत्रे बघतो म्हणायला 'बोनायन हुंदोयन'. दुसरं, डोक्यावर टोपी असलेली अक्षरं, ती साध्या कीबोर्डवर मिळत नाहीत म्हणून लोक अक्षरापुढे एक्स लावून काम भागवतात आणि मजकूर बघवत नाही. तिसरं, पात्रो म्हणजे वडील आणि आई म्हणजे पात्रीनो, वडिलांनाच शेपूट जोडून केलेली. हे तिन्ही बदला, नवीन पिढी येईल.

मुळशीकर
रानवाट, कळकळ पोचली पण यातलं काहीच नवीन नाही हो. स्वतः झामेनहॉफ यांनीच १८९४ मध्ये सुधारणांचा अख्खा मसुदा मांडला होता, टोपीवाली अक्षरं काढा, न काढा, विशेषणं बदलायची बंद करा, आणि 'ला एस्पेरांतिस्तो' मासिकाच्या वर्गणीदारांना मत विचारलं. बहुमताने नको म्हणून सांगितलं. भाषा जेमतेम सात वर्षांची होती तेव्हा, बोलणारे मूठभर, बदलायची तर तीच वेळ होती आणि ज्याने घडवली तोच बदला म्हणत होता. तरी लोक म्हणाले आम्ही शिकलोय ती राहू दे.

पुढे १९०५ ला फ्रान्समध्ये बुलोनला पहिलं जागतिक अधिवेशन भरलं, तिथे 'फुंदामेंतो' म्हणजे व्याकरण, सराव आणि मूळ शब्दकोश एवढा गाभा कुणीही हात लावायचा नाही असं ठरलं. नवीन शब्दांची भर घाला, गाभा मोडू नका. आणि त्यानंतर दोनच वर्षांत ईदो प्रकरण झालं. पॅरिसमध्ये १९०७ ला जगासाठी एक भाषा निवडायला कूत्युरा या फ्रेंच तत्त्वज्ञाची आणि मंडळींची समिती बसली, एस्पेरांतोची बाजू मांडायला फ्रान्सचे एस्पेरांतोवाले बोफ्रों गेले होते आणि नंतर त्यांनीच जाहीर केलं की एस्पेरांतो सुधारून केलेला तो ईदोचा मसुदा आपला. तुम्ही मागताय जवळपास तेच ईदोत आहे बरं का. टोप्या नाहीत, विशेषणं बदलत नाहीत, न फक्त कर्म कर्त्याच्या आधी आलं तरच, आणि बाईचं नाव पुरुषाच्या नावावरून सरसकट काढायचं नाही. मग शिकणाऱ्यांची रांग लागली का? पुढारी बरेच गेले, साधी माणसं जागची हलली नाहीत, आणि ईदोवाल्यांना पुढे ईदो पण सुधारावीशी वाटली. समितीतले येस्पर्सन, एवढा मोठा व्याकरणकार, १९२८ ला स्वतःची नोव्हियल नावाची वेगळी भाषा घेऊन आले. आज ईदोवाले एस्पेरांतोवाल्यांच्या पासंगालाही पुरत नाहीत. तुमचा प्रयोग जगाने करून बघितलाय.

अबोली_लिहिते
मला तर तो न कठीण वाटतो हेच पटत नाही. आपण मराठी माणसं 'मी कुत्र्याला बघतो' म्हणतो, 'कुत्र्याला बघतो मी' म्हणतो, शब्द इकडचे तिकडे झाले तरी कोण कुणाला बघतंय ते आपल्या 'ला' प्रत्ययावरून कळतंच ना. न चं काम तेच आहे. विशेषणाचं पण तसंच, चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मुलगे, चांगल्या मुली, हे आपण रोज करतो आणि वर तीन लिंगं सांभाळतो. ज्यांना हे जड जातं ते बहुतेक इंग्रजी बोलणारे, आणि ऑनलाइन सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच. त्यांच्या सोयीसाठी भाषा कापायची तर मग ती सगळ्यांची कशी राहील?

कासव_गती
अबोलीताई, अर्धंच बरोबर आहे हे. आपण 'कुत्र्याला बघतो' म्हणतो पण 'पुस्तकाला वाचतो' म्हणतो का? 'मी पुस्तक वाचतो'. निर्जीव कर्माला आपण काहीच लावत नाही. मी आमच्याकडच्या चारपाच मुलांना रविवारी शिकवायचो, माणूस किंवा प्राणी आला की न बरोबर लागायचा, आणि पुस्तक, पाणी, चहा आला की हमखास गळायचा. 'मी लेगास लिब्रो', 'मी त्रिंकास तेओ'. एका मुलीने तर विचारलं की सर चहाला कशाला न लावायचा, चहा थोडाच मला पिणार आहे? याला काय उत्तर द्यायचं? नियम आहे म्हणून, एवढंच ना.

आणि घरात जन्मापासून एस्पेरांतो बोलणारी मुलं आहेत त्यांच्यातल्या काहींच्या बोलण्यातही तो न गळतो, शब्दांचा क्रम पक्का होतो, अशी भाषाशास्त्रज्ञांची निरीक्षणं आहेत. मुलं आपणहून टाकतायत तो न, मोठ्यांनी अडवून धरलाय. मी रानवाटच्या बाजूने.

अबोली_लिहिते
चहाचं उदाहरण चांगलं आहे पण उत्तर आहे की त्याला. न काढलात तर आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म हा क्रम सक्तीचा होणार. आपला क्रम मुळात कर्ता-कर्म-क्रियापद, जपानी, कोरियन, तुर्की, तमिळ सगळ्यांचा तोच. आज मी 'मी तेओन त्रिंकास' असं सरळ मराठी चालीने म्हटलं तर ते शंभर टक्के बरोबर एस्पेरांतो आहे. न गेला की मला इंग्रजीच्या चालीने बोलावं लागणार. त्या मुलीला हे सांगा, न शिकलीस की बाकी वाक्य तुला हवं तसं लाव.

विचारपूस
मुळशीकर, तुम्ही ईदो सांगितलंत, व्होलाप्यूक का नाही सांगितलंत? एस्पेरांतोच्या आधीची, श्लायर नावाच्या जर्मन पाद्रींची भाषा, १८८० च्या दशकात तिचे क्लब होते, मासिकं होती, अधिवेशनं झाली. लोकांनी सुधारणा मागितल्या, १८८९ च्या पॅरिस अधिवेशनानंतर वाद पेटला आणि श्लायर अडून बसले की शेवटचा शब्द माझाच. काही वर्षांत सगळं विस्कटलं. न बदलल्यामुळे मेलेली भाषा ही.

मुळशीकर
विचारपूस, व्होलाप्यूकची हीच कथा मी उलटी वाचतो. श्लायर अडले हे खरं, पण सुधारणावाल्यांचं तरी एकमत होतं का? प्रत्येकाचा मसुदा वेगळा, शिकणाऱ्याला कळेना कुठली शिकायची, घरी गेले लोक. झामेनहॉफ यांनी मात्र त्याआधीच, १८८७ च्या पहिल्या पुस्तकातच सांगून टाकलं होतं की या भाषेवर माझा मालकी हक्क नाही, ही सगळ्यांची. मालकच नसेल तर बदल करणार कोण? रानवाट, तुम्ही ठरवणार, मी ठरवणार, की मतदान घेणार?

आणि शिकणारे कमी होण्याची कारणं व्याकरणात शोधायची सवय सोडा. ते 'ला एस्पेरांतिस्तो' १८९५ ला बंद पडलं ते न मुळे नाही, टॉलस्टॉयचा लेख छापला म्हणून रशियन सेन्सॉरने बंदी घातली आणि बहुतेक वर्गणीदार रशियातले होते. १९२० च्या दशकात राष्ट्रसंघात एस्पेरांतोचा विषय आला, नितोबे हे राष्ट्रसंघाचे जपानी अधिकारी १९२१ चं प्राग अधिवेशन बघून आले आणि अनुकूल अहवाल दिला, तो फ्रान्सने हाणून पाडला कारण त्यांना फ्रेंचची जागा जाईल ही भीती. नंतर स्टालिनने एस्पेरांतोवाल्यांना तुरुंगात घातलं, गोळ्या घातल्या. झामेनहॉफ ज्यू, त्यांची तिन्ही मुलं नाझींनी मारली. या भाषेने हे सगळं सोसलंय आणि आपण म्हणतोय टोपीवाल्या अक्षरांमुळे लोक येत नाहीत.

शेवंता_ठाणे
न बद्दल मला काही म्हणायचं नाही, पण पात्रो-पात्रीनो वर सगळे गप्प का? फ्रातो भाऊ, फ्रातीनो बहीण. फीलो मुलगा, फीलीनो मुलगी. कुटुंबातली जवळपास सगळी नाती पुरुषापासून सुरू होतात आणि बाई म्हणजे त्याला जोडलेला प्रत्यय. मराठीत आई हा स्वतंत्र शब्द आहे, बहीण स्वतंत्र आहे, ताई मावशी आत्या सगळ्या आपापल्या पायावर उभ्या आहेत. समतेसाठी केलेल्या भाषेत मी माझ्या मुलीला 'आई म्हणजे बाबा अधिक ईनो' असं का शिकवू? हा इतिहास वगैरे ठीक आहे, मला हे आज खुपतं, आणि मी ज्या दोन मैत्रिणींना शिकायला ओढलं त्या इथेच थांबल्या. न साठी कुणी थांबलं नाही.

अबोली_लिहिते
शेवंताताई, हे मात्र पूर्ण मान्य. पण बघा, हे आपोआप बदलतंयच. 'इन्स्त्रुईस्तो' म्हणजे शिक्षक, पूर्वी तो पुरुषच समजायचे आणि बाईला इन्स्त्रुईस्तीनो, आता बरेच जण इन्स्त्रुईस्तो कुणालाही म्हणतात. 'ली' तो आणि 'शी' ती होतं, तरुण मुलं आता 'री' वापरतात, त्यात बाई-पुरुष काहीच नाही. कुठल्या समितीने हुकूम काढला नाही. चीनला जुन्या पुस्तकांत खीनुयो आहे, आज बहुतेक जण चीनियो म्हणतात, तो घशातला ख हळूहळू मागे पडला कारण लोकांना नको होता. भाषा अशीच बदलते, वापरणाऱ्यांच्या तोंडी.

शेवंता_ठाणे
री चांगलंच आहे, मी वापरते. पण पात्रो अजून वडीलच आहे ना? शंभर वर्षांनी आपोआप होईल म्हणून मी का थांबू, जी आज शिकतेय तिला आज उत्तर हवं.

गोदाकाठ
नियम बदलून लोक ऐकतात का याची उदाहरणं घरातच आहेत. सावरकरांनी लिपी सोपी व्हावी, छपाईचे खिळे कमी लागावेत म्हणून अ ची बाराखडी सुचवली, अि अी अु अू. तर्कात कुठेही खोट नाही. आज कोण लिहितं तसं? आणि दुसरीकडे १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम, त्यांनी नांव, कांहीं, नाहीं वरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि ते गेले ते गेलेच, आजी-आजोबांच्या पत्रांतच उरलेत. फरक एवढाच की १९६२ च्या मागे सरकार होतं, शाळा होत्या, पाठ्यपुस्तकं होती. एस्पेरांतोच्या मागे यातलं काय आहे? अकादमी आहे, पण तीही फुंदामेंतो बदलू शकत नाही. मग बदल झाला म्हणून सांगणार कोण आणि ऐकणार कोण. मला दोन्ही बाजू कळतात पण हा प्रश्न कुणी सोडवत नाहीये.

पेठेतला
पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांची संख्या बघा. तीन आर्टिकलं, चार विभक्त्या, कुठल्या वस्तूला कुठलं लिंग याला काही धरबंध नाही, तरी क्लास भरलेले असतात कारण पुढे शिक्षण आहे, नोकरी आहे. एस्पेरांतोचा न त्यापुढे काहीच नाही. लोक भाषा सोपी म्हणून शिकत नाहीत, तिच्यातून काहीतरी मिळतं म्हणून शिकतात. एस्पेरांतोतून काय मिळतं ते सांगायला आपण कमी पडतो. पास्पोर्ता सेर्वो आहे, जगभर एस्पेरांतोवाल्यांच्या घरी फुकट राहता येतं, दरवर्षी वेगळ्या देशात अधिवेशन, तीन लाखांवर लेखांचा विकिपीडिया. आणि प्रोबाल दासगुप्ता, बंगाली भाषाशास्त्रज्ञ, पुण्यातही शिकवून गेलेले, २००७ ते २०१३ जागतिक एस्पेरांतो संघटनेचे अध्यक्ष होते, हे पुण्यात किती जणांना माहीत आहे?

कासव_गती
पेठेतला, हे सगळं शिकून झाल्यावर मिळतं हो. माझा प्रश्न पहिल्या महिन्याचा आहे. आणि मराठी पोराला खरी अडचण न ची पण नाही, शब्दांची आहे. आर्बो म्हणजे झाड, बिर्दो म्हणजे पक्षी, सगळी मुळं युरोपातली, फ्रेंच येणाऱ्याला अर्धी ओळखीची, आपल्याला एकेक पाठ करावी लागतात. तिथे मात्र जोडशब्दांची सोय उपयोगी पडते. साना म्हणजे निरोगी, मालसाना आजारी, मालसानुलो आजारी माणूस, मालसानुलेयो म्हणजे आजारी माणसांची जागा, दवाखाना. एक मूळ पाठ केलं की चार शब्द हातात. काही लोकांना ते लांबलचक वाटतं म्हणून ते सरळ होस्पितालो म्हणतात. ही सुधारणा मात्र मला अजिबात नको, कारण ती युरोपवाल्याला सोपी आणि माझ्या मुलांना एक जास्तीचा शब्द.

रानवाट (धागाकर्ता)
सगळ्यांचं वाचलं. मुळशीकर, ईदो मागे पडली कारण ती फाटाफुटीतून आली, लोकांना दगा वाटला, बदल वाईट होते म्हणून नाही, आणि या दोन वेगळ्या गोष्टी तुम्ही एकत्र मिसळताय. अबोलीताईंचा क्रमाचा मुद्दा मला पटतो, न जिथे अर्थासाठी लागतो तिथे राहू दे, पण विशेषणावरच्या न चा बचाव अजून कुणी केलेला नाही. शेवंताताई म्हणतात ते तर थांबूच शकत नाही. गोदाकाठ विचारतात ऐकणार कोण, तर ऐकणारे आपणच, अकादमीची वाट न बघता आपल्या वर्गात, आपल्या लिहिण्यात तसं वापरायचं.

मुळशीकर
विशेषणावरचा न ते विशेषण कुठल्या नामाचं आहे ते दाखवायला लागतो हो. 'ली फार्बिस ला पोर्दोन वेर्दान' म्हणजे त्याने हिरवं दार रंगवलं आणि 'ला पोर्दोन वेर्दा' म्हणजे दार रंगवून हिरवं केलं. एका न चा फरक. हा काढलात तर तुम्ही कसं सांगाल ते लिहा.

कासव_गती
आणि रानवाट, वर्गात आपलं आपलं वापरायचं म्हणताय तर माझी मुलं उद्या ब्राझीलच्या माणसाशी बोलली की तो त्यांना दर वाक्याला सुधारणार. न जावा असं मलाही वाटतं, पण मी शिकवताना न सकटच शिकवणार. मराठीतून डुओलिंगोवर कोर्स नाही, आधी चहा-पुस्तकाची उदाहरणं घेऊन मराठीतून धडे लिहायला कुणी तयार असेल तर सांगा, पहिले काही माझ्याकडे तयार आहेत.