डीएनएतून वाहणारा विद्युतभार: पेशीची ढाल की घाव?

वर्धारोड:
काल कूलरची टाकी घासली. पत्र्यावर खिळ्याचा ओरखडा आहे, तरी तिथे गंज नाही; भोवतालचं जस्त तेवढं पांढरं पडलंय. जस्त झिजतं, लोखंड वाचतं. पोट्ट्यांना डीएनए मी असाच शिकवतो. डीएनएची चार अक्षरं म्हणजे बेस: ए, टी, सी आणि जी, म्हणजे ग्वानिन. यांपैकी ग्वानिनचा इलेक्ट्रॉन सगळ्यात सहज सुटतो. सुटला की उरलेली रिकामी जागा, 'होल', ०.३४ नॅनोमीटरवर एकावर एक रचलेल्या बेसमधून सरकते आणि दोन-तीन ग्वानिन शेजारी भेटले की तिथे अडकते. ग्वानिनने भरलेले भाग मार झेलून जनुकं वाचवत असावेत, असं रसायनशास्त्रज्ञ ॲडम हेलर यांनी २००० साली मांडलं. मला ते पटतं. हे वहन संरक्षणच आहे.

अंबाझरी:
सर, नाही पटत. ग्वानिनच्या जोड्या जनुकाच्या आतही असतात, मग वाचलं काय? रसायनशास्त्रज्ञ जॅकलिन बार्टन यांच्या गटाने १९९६ मध्ये डीएनएच्या एका टोकाला प्रकाशात इलेक्ट्रॉन ओढणारा, ऱ्होडियम धातूचा रेणू जोडून प्रकाश टाकला. ऑक्सिडेशन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावणं, झालं दूरच्या जीजीवर, म्हणजे शेजारी-शेजारी असलेल्या दोन ग्वानिनवर. १९९९ मध्ये हेच अंतर २० नॅनोमीटरपर्यंत गेलं. घाव एकीकडे, जखम दुसरीकडे! त्यातून बनणारं ८-ऑक्सोग्वानिन, म्हणजे बिघडलेलं ग्वानिन, डीएनएची नक्कल होताना सी सोडून ए शी जोडी जमवतं आणि जी च्या जागी टी येतो. याला ढाल म्हणायचं?

हिंगणा:
दोघंही परीक्षानळीतल्या मोकळ्या तुकड्यांवर भांडताय. पेशीत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो.

अंबाझरी:
तसा गुंडाळलेला डीएनए घेऊनच २००२ मध्ये बार्टन यांच्या गटाने पाहिलं. वहन तिथेही झालं.

हिंगणा:
मान्य. पण भार तिथेही बाहेरून जोडलेल्या रेणूनेच घातला होता ना? जिवंत पेशीत हे किती घडतं, त्यावरच सगळं अवलंबून आहे.

वर्धारोड:
क्रोमोसोमच्या (गुणसूत्राच्या) टोकांना टीटीएजीजीजी हजारो वेळा येतं. इतके ग्वानिन तिथे उगाच आहेत का?

अंबाझरी:
सर, २० नॅनोमीटर म्हणजे समोरासमोरच्या बेसच्या जेमतेम ६० जोड्या. ते दहापट धरलं तरी बहुतेक जनुकांपासून टोकं लाखो जोड्या दूर. तिथवर होल पोचणार कसा?

वर्धारोड:
हा हिशेब मी केला नव्हता. टोकांचा मुद्दा सोडतो. पण जनुकातच, शेजारच्या इन्ट्रॉनमधल्या (प्रथिनाची माहिती नसलेल्या तुकड्यातल्या) ग्वानिनने मार घेतला तर? तेवढं अंतर ६० जोड्यांत बसू शकतं. सोमवारी टाकीचं उदाहरण देईन, आणि फळ्यावर बाजूला ६० लिहीन.