क्लायंटच्या ब्लॉगसाठी विषय शोधताना कीवर्ड रिसर्च कसा करावा?

शाईदौत
छतावर सोलर बसवून देणाऱ्या नाशिकच्या एका क्लायंटसाठी महिन्याला ४ मराठी लेख लिहायचे आहेत. विषय मीच सुचवायचे आहेत आणि पहिली यादी ८ विषयांची हवी आहे. कीवर्ड प्लॅनरमध्ये (कोणता शब्द किती शोधला जातो ते सांगणारं गुगल जाहिरातींचं टूल) 'सोलर पॅनेल' टाकलं की इंग्रजी शब्दांची रांग येते. मराठी शब्दांपुढे महिन्याला १०–१०० सर्च दिसतात, नाहीतर नुसती रेघ. कोणी शोधतच नसेल तर लेख लिहायचा कोणासाठी? विकतचं टूल सध्या परवडणार नाही.

काना_मात्रा
'सोलर पॅनेल' हा विषय नाही, ती दुकानावरची पाटी झाली. टूल उघडण्याआधी, क्लायंटकडे फोन घेणाऱ्या माणसाकडून गिऱ्हाइकांचे २० प्रश्न मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज जसेच्या तसे मिळाले तर सोन्याहून पिवळं.

'लाइट गेल्यावर सोलर चालतं का?' हाच प्रश्न घ्या. बॅटरी नसलेली ऑन-ग्रिड (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली) सिस्टीम असेल तर लाइट जाताच इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) आपोआप बंद होतो, कारण छतावरची वीज उलटी लाइनवर गेली तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. या एका प्रश्नात अख्खा लेख आहे आणि प्लॅनर तो कधीच सुचवणार नाही.

मग हे प्रश्न गुगलमध्ये अर्धवट टाइप करा, इनकॉग्निटो विंडोत. 'सोलर ' लिहून स्पेस द्या, पुढे क, ख, ग असं एकेक अक्षर टाका आणि खाली येणाऱ्या सूचना शीटमध्ये उतरवा. मग हेच रोमन लिपीत करा. मराठी माणूस मोबाइलवर बऱ्याचदा मराठी प्रश्न रोमनमध्येच टाइप करतो, आणि प्लॅनरमधल्या रेघेमागचं एक कारण हेही आहे. मागणी तीन-चार स्पेलिंगांत वाटली जाते.

उलटतपासणी
प्लॅनरबद्दल. लोकेशन 'महाराष्ट्र' ठेवा, भारत नको. जाहिरातींवर खर्च न करणाऱ्या खात्याला तो १००–१ हजार असे ढोबळ पट्टेच दाखवतो, त्यामुळे त्यात सूक्ष्म तुलना करत बसू नका. 'कॉम्पिटिशन'चा रकाना फसवा आहे. तो जाहिरातदारांची चुरस सांगतो, लेख वर आणणं किती अवघड आहे ते नाही. 'लो' दिसलं म्हणून विषय सोपा समजू नका.

प्लॅनरचा आकडाही १२ महिन्यांची सरासरी असतो. 'पावसाळ्यात सोलर चालतं का' यासारख्या प्रश्नाचा हंगाम त्यात बुडून जातो. गुगल ट्रेंड्समध्ये (शोधाचा चढ-उतार दाखवणारं मोफत टूल) ५ वर्षांचा आलेख बघा आणि लेख हंगामाच्या दीड-दोन महिने आधी टाका. ट्रेंड्समधला १०० म्हणजे शंभर सर्च नव्हेत, त्या काळातला सर्वोच्च बिंदू.

शाईदौत
शीटमध्ये ७० ओळी झाल्या. यातून ८ कशा निवडू?

काना_मात्रा
प्रत्येक ओळ सर्च करून पहिलं पान बघा, यात आळस नको. 'सोलर पॅनेल किंमत'ला सगळी विक्रीची पानं दिसत असतील तर तिथे ब्लॉग चालणार नाही, ते काम क्लायंटच्या सर्व्हिस पेजचं. '३ किलोवॉट सोलरला किती जागा लागते'ला फोरम, यूट्यूब आणि जुने लेख दिसले तर ती तुमची जागा. उत्तर पहिल्याच परिच्छेदात द्या: किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट, म्हणजे ३०० चौरस फूट सावली नसलेलं छत.

दोन ओळींच्या पहिल्या १० निकालांत ४-५ पानं तीच असतील तर लेख एकच करा. 'सोलर सबसिडी किती', '३ किलोवॉट सबसिडी' आणि 'सूर्यघर योजना अनुदान' यांचे तीन लेख केलेत तर ते एकमेकांचेच पाय ओढतील. एकच करा आणि त्यात केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेच्या सबसिडीचे आकडे स्पष्ट लिहा: घरगुती ग्राहकाला १ किलोवॉटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा जास्त असेल तर ७८ हजार रुपये. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटला १८ हजार. सोसायटीचा वाचक वेगळा, मंजुरीची वाट वेगळी, म्हणून त्याचा लेख स्वतंत्र.

उलटतपासणी
साइट जुनी असेल तर सर्च कन्सोलचा (साइट गुगलवर कोणत्या शोधांत दिसते ते सांगणारं मोफत टूल) अ‍ॅक्सेस मागाच. क्लायंट 'रिस्ट्रिक्टेड', म्हणजे मुख्यतः बघण्यापुरती परवानगी देऊ शकतो, त्याला घाबरायचं कारण नाही. परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये ३ महिने निवडा, 'पोझिशन' चालू करा आणि इम्प्रेशन (निकालांत साइट किती वेळा दिसली) भरपूर पण क्रमांक ८ ते २० असलेल्या क्वेरी (लोकांनी टाइप केलेले शोध) काढा. क्वेरी फिल्टरमध्ये 'कस्टम रीजेक्स' (अक्षरांच्या नमुन्यावरून शोधायचा पर्याय, त्यात उभी रेघ म्हणजे 'किंवा') घेऊन असं टाका: किती|कसे|कसं|का|कधी. सुटा 'का' 'सरकारी'सारख्या शब्दांतही सापडतो, तेवढा कचरा हाताने काढा.

क्वेरीवर क्लिक करून 'पेजेस' टॅब बघा. त्या प्रश्नाचं पान आधीच असेल तर नवा लेख सुचवू नका, जुनाच दुरुस्त करण्याचं काम मागा. होमपेजच दिसत असेल तर समजा, त्या प्रश्नाला साइटवर उत्तरच नाही. तो विषय यादीत सगळ्यात वर घ्या.

यादी पाठवताना प्रत्येक विषयाखाली तीनच ओळी: वाचकाचा प्रश्न, पहिल्या पानावर काय कमी आहे, आणि लेखातून वाचकाने क्लायंटच्या कोणत्या पानावर जायचं. या शोधकामाचे पैसे बिलात वेगळे लावा. ७० ओळी तपासायला एक दिवस सहज जातो.