कृष्णेचं पाणी पार उतरलंय, शिंगाळा मासा कुठे आणि कसा शोधावा? (भिलवडी-ब्रह्मनाळ भाग)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

भिलवडीच्या खालच्या अंगाला नदीकाठी आमचं शेत आहे. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या शेतातला ऊस आठवडाभर दिसत नव्हता. आज त्याच पात्रात गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाता येतं. वर टेंभू-ताकारी उपसा योजनांचे पंप चालू असले की कोयनेतून सुटलेलं पाणी आमच्यापर्यंत बारीक धारेनंच पोचतं. मधेमधे डोह तेवढे उरलेत.

आबांचं (वडील, वय ७८) जेवण दोन महिन्यांपासून तुटलंय. परवा आपणहून म्हणाले, "नदीचा शिंगाळा मिळाला असता तर चार घास गेले असते." तळ्यातला मासा त्यांना वासावरूनच कळतो, म्हणून बाजारातून आणला नाही. चार संध्याकाळी गळ टाकला. आमिष गांडूळ. बारके मासे आणि खेकडे कुरतडून नेतात, शिंगाळ्याचा झटका एकदाही नाही.

शिंगाळा रात्री चरतो हे माहीत आहे. पण चौथ्या दिवशी अंधार पडल्यावर बॅटरी मारली, तर पलीकडच्या वाळूपाशी दोन डोळे चमकले. मगर. आमच्या भागात मगरींनी माणसं ओढल्याचं सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी कमी झालं की मासे डोहात येतात आणि त्यांच्यामागे मगरही तिथेच येते. त्या दिवसापासून अंधारात काठावर बसायची हिंमत होत नाही.

दिवसाउजेडी शिंगाळा लागेल असा काही मार्ग आहे का? डोहाच्या मधोमध टाकू की काठाला? आमिष बदलू का?

प्रतिसाद १

दादा, आधी मगरीचं. उतरती वाळू असेल तिथे बसूच नका, ती तिथेच उन्हाला येते आणि या दिवसांत मादी काठालगत अंडी राखत असते. उभी दरड बघा, पाण्यापासून पंधरा-वीस फूट मागे बसा. धरलेला मासा पिशवीत घालून पाण्यात लोंबकळत ठेवू नका आणि काठावर साफ करू नका, रक्ताचा वास लागतो.

आता मासा. पाणी तापलं की त्यातली हवा कमी होते. डोहाच्या मध्यावर खोल आहे म्हणून सगळे तिथे टाकतात, पण वरून बारीक धार जिथे डोहात शिरते, त्या तोंडापाशी पाणी थंड आणि ताजं असतं. शिंगाळा दिवसभर खाली कपारीत किंवा बुडालेल्या झाडाच्या मुळीत दडून राहतो आणि उजाडताना या तोंडाशी येतो. पहाटे फटफटल्यावर जा, ऊन चढेपर्यंत दीड-दोन तास मिळतात. जवळ बंधारा असेल तर बर्ग्यांतून (पाणी अडवायच्या फळ्यांतून) पाणी झिरपतं तिथेही बघा, मात्र बर्गे काढणार असल्याची गावात चौकशी करून जा. पाणी एकदम वाढतं.

गांडूळ सोडा. कोंबडीचं आतडं लावा, ते गळावर टिकतं आणि बारक्या माशांना पटकन ओरबाडता येत नाही. कलेजी लावणार असाल तर शिवणाच्या दोऱ्याने बांधा. दोरीला बांधायचं शिसं हलकं ठेवा, कारण निवळ पाण्यात जड शिसं धपकन पडलं की मासा तास-तास फिरकत नाही. त्याने आमिष उचललं की लगेच झटका देऊ नका, दोरी चालायला लागू द्या.

हाताने धरताना पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा सांभाळा. करवतीसारखे दात असतात, जखम दोन-तीन दिवस ठणकते.

प्रतिसाद २

एक विनंती. उन्हाळ्याच्या शेवटी शिंगाळा तळाशी खळगा करून अंडी घालतो आणि नर त्याची राखण करतो. पोट फुगलेली मादी आली तर सोडून द्या. डोह आटलेले असताना मासे पळून जायला जागाच नाही. एक घरापुरता घ्या, जाळं लावून डोह उपसू नका. मार्च २०२३ मध्ये अंकलीपाशी मेलेल्या माशांचा जो थर बघितला, त्यानंतर नदीत मोठा मासा दिसला की जपावासा वाटतो.

मूळ लेखक

दोघांचेही मनापासून आभार. धारेच्या तोंडाशी मी एकदाही टाकला नव्हता. औदुंबरच्या घाटाजवळ आम्ही गळ टाकत नाही, पण त्याच्या बरंच खाली तुम्ही सांगता तशी उभी दरड आहे. एकच घेईन, मादी आली तर सोडेन.

आबा म्हणतात, मीही येतो. पहाटेच्या गारव्यात त्यांना न्यावं का, ते डॉक्टरांना विचारून ठरवतो. आतडं उद्या संध्याकाळी आणतोय.