एकच शहर, तेही पायी : तुमच्या छोट्या, निवांत सहलींचे अनुभव

गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघं पोलंडमधल्या क्राकूवला चार दिवस राहून आलो. त्याआधीच्या वारीत बारा दिवसांत पाच देश पाहिले होते. बसमधून उतरायचं, फोटो काढायचे, पुन्हा बस. घरी आल्यावर कुठला चौक कुठल्या गावातला हे फोटोच्या तारखेवरून ठरवावं लागलं. म्हणून यावेळी एकच गाव, एकच खोली आणि पायी जमेल तेवढंच पाहायचं, असं ठरवून गेलो आणि फार विश्रांत होऊन परतलो.

तुमच्यापैकी कुणी असं एखादं जुनं शहर चालत अनुभवलं असेल तर इथे लिहा. प्रेक्षणीय स्थळांची यादी कुठेही मिळते. तुम्ही कुठे रेंगाळलात, काय खाल्लंत, काय मुद्दाम सोडून दिलंत, ते वाचायला आवडेल. सुरुवात मी करते.

क्राकूवच्या जुन्या गावाला तटबंदी होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बहुतेक पाडली, खंदक बुजवला आणि त्या जागी झाडं लावली. आज गावाभोवती सुमारे चार किलोमीटरची गोल बाग आहे, तिचं नाव प्लांती. रोज सकाळी आम्ही तिला एक प्रदक्षिणा घालायचो. वाटेत हातगाडीवरून ओब्वाझानेक घ्यायचा. हा पिळाच्या कड्यासारखा पाव, आधी पाण्यात उकळतात आणि मग भाजतात, वर तीळ किंवा खसखस. बाकावर बसून तो तोडत खायचा, हीच आमची न्याहारी. उत्तरेला फ्लोरियन दरवाजा आणि त्याच्यापुढचा गोल बुरूज तेवढे शिल्लक ठेवलेत, त्यामुळे तट कसा असेल याचा अंदाज येतो.

मुख्य चौक १२५७ साली आखलेला, एकेक बाजू जवळजवळ दोनशे मीटर. तिथल्या सेंट मेरी चर्चच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला, रात्रीसुद्धा, तुतारी वाजते. चार दिशांना चार वेळा, आणि दर वेळी धून मध्येच तुटते. तातारांचा हल्ला येताना पाहून इशारा देणाऱ्या तुतारीवाल्याच्या गळ्यात बाण लागला, अशी दंतकथा आहे. वाजवणारे अग्निशामक दलाचे जवान असतात. खालून हात हलवला की तेही खिडकीतून हलवतात. पहिल्या दिवशी आम्ही ती पाहायला गेलो. तिसऱ्या दिवशी खोलीत पडल्यापडल्या ती तुटलेली धून ऐकून किती वाजले असतील ते म्हणू लागलो.

मी मूळची कोल्हापूरची. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियात हद्दपार झालेली सुमारे पाच हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिली होती. आजी त्यांना ‘पोलंडच्या बायका’ म्हणायची. क्राकूवच्या मंडईत कांदे-बटाटे निवडून घेणाऱ्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्या पाहिल्या आणि आजीचा तो शब्द इतक्या वर्षांनी कानात आला. त्या दिवशी वावेलचा किल्ला पाहायचा होता. तो राहिला. मंडईसमोरच्या ओट्यावर आम्ही तासभर बसून होतो.

रेगेन्सबर्ग, एक दिवस

आम्ही म्युनिकला राहतो, मुलगी दीड वर्षाची. लांबचा प्रवास जमत नाही, म्हणून रेल्वेने दीड तासावरचं रेगेन्सबर्ग. डॅन्यूबवरचा दगडी पूल बाराव्या शतकातला आहे आणि आता फक्त चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा. पुलावर बाबागाडी थांबवून मुलीला पाणी दाखवलं, ती तिथून हलायला तयार होईना. खगोलशास्त्रज्ञ केपलर याच गावात १६३० मध्ये वारला. ते घर पाहायचं मनात होतं, पण मुलगी झोपली आणि आम्ही नदीकाठच्या झाडाखाली बसून राहिलो. बाबागाडी नेणाऱ्यांना एकच सांगतो : फरसबंदीसाठी मोठ्या चाकांची न्या.

बोलोन्या, आईबरोबर पाच दिवस

आईचं वय ७१, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि तिकिटं नोव्हेंबरची, म्हणजे पाऊस. त्यामुळे फार विचार करून इटलीतलं बोलोन्या निवडलं. या गावात रस्त्यांच्या कडेने कमानींचे ओसरे आहेत, सगळे मिळून ६२ किलोमीटर. पाच दिवसांत छत्री मोजून तीन-चार वेळा उघडली असेल.

हे ओसरे का झाले ते कळल्यावर आईला जास्त मजा आली. युरोपातलं अतिशय जुनं विद्यापीठ इथलं, १०८८ हे त्याचं साल धरतात. विद्यार्थी आले, कारागीर आले, जागा पुरेना. लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खालून खांबांचे टेकू दिले. गावाने ते पाडायला लावले नाहीत, उलट नियम केला : जागा मालकाची, पण वाट सगळ्यांची, आणि उंची एवढी की घोड्यावरचा माणूस खालून जाईल. तेराव्या शतकातले उंच लाकडी टेकू एका ठिकाणी अजून उभे आहेत. आई त्यांना हात लावून म्हणाली, ‘आपल्या वाड्याचे खांब असेच होते रे.’

डोंगरावरच्या सान लुकाच्या देवळापर्यंतही असाच ओसरा जातो, जवळजवळ चार किलोमीटर, ६६६ कमानी. आम्ही वर गाडीने गेलो आणि उतरताना चाललो. दर शंभर कमानींना थांबायचं असं आईने ठरवलं होतं. मोजणी तिचीच. ती चारशेच्या पुढे चुकली, तेव्हा आम्ही पायरीवर बसून डब्यातल्या दशम्या खाल्ल्या.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. सान पेत्रोनियो या मोठ्या चर्चच्या फरशीत कासिनी या खगोलशास्त्रज्ञाने १६५५ साली आखलेली एक रेषा आहे, सुमारे ६७ मीटर लांब. छताला भोक आहे. ऊन असेल तर मध्यान्हीला सूर्याचं बिंब बरोबर त्या रेषेवर येतं. दोन दिवस ढगांमुळे परत आलो. तिसऱ्या दिवशी बाराला दहा मिनिटं असताना फरशीवर एक फिकट, लांबट उजेड उमटला आणि सरकू लागला. तिथे उभी असलेली सात-आठ माणसं एकदम गप्प झाली. बिंब रेषेवर आलं तेव्हा आईने नकळत हात जोडले. दोन मिनिटांत ते पलीकडे गेलं. कुठल्याही सहलीत आईबरोबर पाहिलेली याहून मोठी गोष्ट मला आठवत नाही.

शाकाहारींसाठी : रिकोटा आणि पालक भरलेली तोर्तेलोनी, लोण्यात परतलेली. भरण्यात मांस नाही ना, हे विचारून घ्या.

लिस्बन, चार दिवस

बोलोन्याचं वाचून लिहावंसं वाटलं. मी गोव्यातल्या म्हापश्याची. आमच्या घरात आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले, त्यामुळे लिस्बनला नुसतं हवापालट म्हणून जाणं मला शक्य नव्हतं. जायचं की नाही, यावरच वर्ष गेलं.

पहिल्या दिवशी चढ-उतारांनी पोटऱ्या भरून आल्या. पदपथ पांढऱ्या चुनखडीच्या छोट्या चौकोनी दगडांचे, वर्षानुवर्षांच्या चालण्याने गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की फार घसरतात, तळव्याला पकड असलेलेच बूट हवेत. अल्फामा ही जुनी वस्ती मात्र चुकवू नका. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने आणि नंतरच्या लाटांनी, आगीने बहुतेक लिस्बन गेलं, पण टेकडीवरच्या या बोळांतलं बरंच वाचलं. खाली बायशा या भागात सगळं भूकंपानंतर सरळ रेषेत आखलेलं, आणि वर अल्फामात कुठलाच बोळ सरळ जात नाही. मी नकाशा पर्समध्ये ठेवला आणि उतार लागेल तिकडे गेले. कुठेही गेलं तरी शेवटी नदी दिसते.

भाजीच्या दुकानात पाटी होती, बटाता. पाव तिथे पाँव. पैसे देणं म्हणजे पगार. चावीला ते शाव म्हणतात. दुकानदाराला मी सांगितलं की हे शब्द आमच्या स्वयंपाकघरात आहेत, तर त्याने आपल्या बायकोला बाहेर बोलावलं.

नदीजवळ टोकदार दगडांच्या दर्शनी भिंतीचं एक घर आहे, कासा दुश बिकुश. ते आफोन्सो द आल्बुकेर्कच्या मुलाने बांधलं. आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतला. त्या भिंतीसमोर मी बराच वेळ उभी राहिले, फोटो काढला नाही.

मन हलकं झालं ते कार्मोच्या चौकात. भूकंपात छप्पर कोसळलेलं चर्च तिथे तसंच ठेवलंय, कमानींच्या वर थेट आभाळ. याच चौकातल्या लष्करी ठाण्यात २५ एप्रिल १९७४ ला पोर्तुगालच्या हुकूमशाही सरकारने शरणागती पत्करली. गोवा १९६१ ला मोकळा झाला, यांना आणखी बारा वर्षांहून जास्त लागली. आजोबांच्या तोंडी जिचा राग असायचा, ती राजवट इथल्या लोकांनाही नको होती, हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्या चौकात जाकारांदाची जांभळी फुलं खाली पडत होती, शाळेची मुलं दप्तरं टाकून खेळत होती, आणि ते पहिल्यांदा खरं वाटलं. उरलेल्या तिन्ही संध्याकाळी मी तिथेच कॉफी घेऊन बसले. शेवटच्या दिवशी बाकावरून आजोबांच्या धाकट्या भावाला फोन लावला. ते ९३ वर्षांचे आहेत. त्यांनी विचारलं, ‘पाव कसो आसा थंय?’