मागच्या जिन्यातला डबा

२८ मे

सुदेश नाईक (सेक्रेटरी), सकाळी ८:१२
सर्वांना नमस्कार. ३१ मे म्हणजे जागतिक तंबाखूविरोधी दिन. कमिटीने गेटवर बॅनर लावायचं ठरवलंय, सहा बाय तीन. संध्याकाळी मुलांची घोषणा देत फेरी, मग कोकम सरबत. दर फ्लॅटमागे १०० रुपये. मजकूर: 'धूम्रपान सोडा, आयुष्य जोडा'. सूचना असल्यास कळवा.

शिल्पा, ए-१०४
सुदेशदादा, बॅनर गेटवर कशाला, मागच्या जिन्यात लावा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो रंगाचा डबा आहे ना, काल थोटकांनी काठोकाठ भरलेला. रात्री चार थेंब पाऊस पडला, खिडकीतून पाणी आत आलं आणि डब्यातलं सगळं चहाच्या रंगाचं होऊन पायऱ्यांवर उतरलं. आमची चिमी त्यातून अनवाणी घरात आली. वास साबणानेही जात नाही.

शिल्पा
📷 फोटो

वर्षा वहिनी, सी-१०२
अगो, मी पाव-भाजी खात होते 🙈

गावडे, सी-२०१
डबा कोणाचा ते सगळ्यांना ठाऊक आहे. नाव घेत नाही. बी विंग.

सुदेश नाईक
कृपया वैयक्तिक नको. संबंधितांनी समजून घ्यावं.

गावडे
समजून घेतील ते? कायद्यात सार्वजनिक जागी ओढली तर दोनशेपर्यंत दंड आहे. आपण पाचशे लावू.

शिल्पा
जिना सार्वजनिक की खासगी, यावर मागच्या मीटिंगमध्ये पाऊण तास गेला होता. परत नको.

कामत काका, बी-१०२
संबंधित बोलतोय.

कामत काका
बॅनरचे १०० देतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण सुदेश, सिगारेट वाईट हे ओढणाऱ्याला सांगायचं राहिलंय का? मला अडतीस वर्षं रोज कोणी ना कोणी सांगतंय. आधी आई, मग बायको, मग डॉक्टर, आता नात. पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के जागेत चित्र असतं. लोक म्हणतात, ते बघूनही कसे ओढता? बाबांनो, मी पाकीट घेतच नव्हतो. तिस्क नाक्याजवळच्या गाड्यावर सुटी सिगारेट मिळते. लायटर सुतळीला बांधून टांगलेला. सुटी हातात घेतली, सुतळी ओढली, पेटवली, चाललो. चित्र दुकानदाराच्या वाट्याला.

वर्षा वहिनी
काका, हे खरं आहे. आमच्या फार्मसीच्या शेजारच्या गाड्यावर दिवसभर हेच बघते. अख्खं पाकीट घेणारा एखादाच.
पण तसं पाहिलं तर गोव्याची परिस्थिती बरी आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत देशात प्रौढांमध्ये तंबाखू घेणारे २८.६ टक्के निघाले, गोव्यात ९.७.

कामत काका
त्या ९.७ मधला एक मी 🙋

प्रभुदेसाई मास्तर, ए-२०१
नाईकबाब, हे ९.७ आपोआप झालं नाही, तेवढं सांगतो. आपल्या विधानसभेने धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध कायदा केला १९९७ साली. केंद्राचा आला २००३ मध्ये आणि देशभर सार्वजनिक जागी ओढायला बंदी झाली २ ऑक्टोबर २००८ पासून. पणजीचे कर्करोगाचे सर्जन डॉ. शरद वैद्य या विषयामागे हात धुऊन लागले होते, तेव्हा लोक त्यांना हसायचे. पूर्वी बसमध्ये पुढचा ओढायचा आणि मागच्या चार सीटवरचे खोकायचे. आज कोणी बसमध्ये पेटवून दाखवावी!
फेरीबद्दल मात्र माझा उत्साह कमी आहे. आम्हीही शाळेतून काढायचो. पोरं घसा फोडून ओरडत पुढे, आणि आमचे पीटीचे सर शेवटच्या वळणावर फणसामागे थांबून दोन झुरके मारून परत ओळीत.

गावडे
😂😂

सुदेश नाईक
मास्तर, मग काहीच करायचं नाही का?

वर्षा वहिनी
करायचं, पण वेगळं. माझी नणंद इंग्लंडात स्विंडनला असते. तिथे २०१२ पासून दर ऑक्टोबरला 'स्टॉपटोबर' असतं. आयुष्यभरासाठी सोडा असं म्हणतच नाहीत. २८ दिवस सोडा, आणि सगळ्यांनी एकाच दिवशी सुरू करा. २८ दिवस निघाले तर कायमची सुटण्याची शक्यता पाचपट होते, असं तिथलं आरोग्य खातं सांगतं. अमेरिकेत तर १९७७ पासून नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी फक्त एक दिवस. तारीख ठरलेली असली आणि सोबत कोणी असलं की माणूस निदान सुरुवात करतो.

कामत काका
एक दिवस मी एकादशीलाही सोडतो. चवथीला गणपती घरात असताना दीड दिवस हात लावत नाही, माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची चौकट) बांधल्यापासून ते विसर्जनापर्यंत. आणि विसर्जन झालं की तळ्यावरूनच परस्पर गाड्यावर. विचारा आमच्या हिला.

शिल्पा
म्हणजे काका, जमतं तुम्हाला. मग डबा का भरतो?

कामत काका
तोच मुद्दा आहे, बाय. तो डबा माझा आहे. त्यातली थोटकं माझी नाहीत. मी ९ मे रोजी सोडली. आज एकोणीस दिवस झाले.

वर्षा वहिनी
काय???

सुदेश नाईक
काका, अभिनंदन 👏 पण ग्रुपवर एक शब्द नाही?

कामत काका
सांगितलं की लोक पारायण सुरू करतात, आणि चुकून एक ओढली तर पंचनामा.
झालं असं की त्या दिवशी गाड्यावर सुटी संपलेली, म्हणून अख्खं पाकीट घ्यावं लागलं. चवथ्या सिगारेटीला चित्राखालचा नंबर वाचला, १८००-११-२३५६. फुकट आहे म्हणून लावला. मला वाटलं होतं, भाषण देतील. त्या मुलीने भाषण दिलंच नाही. विचारलं काय, तर सकाळी उठल्यावर पहिली किती मिनिटांत ओढता? मी म्हटलं, पाच. मग विचारलं, कुठली सोडणं सगळ्यात कठीण? मी म्हटलं, सकाळची. त्याशिवाय पोट साफ होत नाही, कोणाला सांगणार! ती हसली नाही. म्हणाली, निकोटीनने आतडी हलतात, सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतं, पाणी आणि भाजी-फळं वाढवा. अडतीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मग म्हणाली, तारीख ठरवा. मी ठरवली. नंतर त्यांचाच फोन आला, कसं चाललंय म्हणून.

प्रभुदेसाई मास्तर
हे पाकिटावर आहे, आणि आपल्या बॅनरवर नाही.

वर्षा वहिनी
काका, निकोटीनची चघळायची गोळी, गम, घेतलीत?

कामत काका
घेतली, दोन मिलिग्रॅमची. साधं च्युइंगगम समजून कचाकचा चावली आणि तासभर उचक्या. हिला वाटलं कोणी आठवण काढतंय.

वर्षा वहिनी
अरे देवा. ती तशी चावायची नसते. हळू दोन-चार वेळा चावायची, तोंडात झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायची, चव गेली की परत हळू चावायची. आणि चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं थांबायचं, नाहीतर निकोटीन नीट शोषलंच जात नाही. दुपारी या दुकानात, दाखवते.

कामत काका
देव बरें करूं. चहाचीच तर पंचाईत आहे. हॉटेलात कप समोर आला की हात आपसूक खिशाकडे जातो. म्हणून हल्ली घरीच चहा पितो, उभ्याने, ओट्यापाशी. पाचेक मिनिटं बडीशेप चघळली की ती ओढ उतरते. पहिला आठवडा मात्र मी घरात माणूस नव्हतो, आमची ही सांगेल.

शिल्पा
काका, शंभरदा सॉरी 🙏 पण मग डब्यातली थोटकं कोणाची?

(रोहन, ए-३०१: हा मेसेज डिलीट केला आहे)

गावडे
अरे, काय डिलीट केलंस?

रोहन, ए-३०१
माझी आहेत. कुंडईहून नाइट करून येतो, आई झोपलेली असते, घरात वास नको म्हणून तिथे बसतो. डबा दिसला, वापरला. शिल्पाताई, सॉरी. पाण्याचं माहीत नव्हतं, पुसून घेतो.

शिल्पा
ठीक आहे. चिमीला तू आवडतोस, म्हणून वाचलास.

कामत काका
रोहन, त्या नंबरवर लावून बघ.

रोहन
काका, आई ऐकेल.

कामत काका
मग माझ्याकडून लाव. नाइट संपवून ये, मी सहाला उठलेला असतो. आमच्याकडे पेज असते सकाळी. तारीख कुठली ठरवायची ते तू बघ, मी सांगणार नाही.

रोहन
३१ नको काका. बॅनरखाली उभं केल्यासारखं वाटेल.

प्रभुदेसाई मास्तर
मी सुचवतो की बॅनरवरचं 'आयुष्य जोडा' काढून तो नंबर मोठ्या अक्षरांत टाकावा.

सुदेश नाईक
मास्तर, बॅनर कालच छापायला गेला. बघतो, कोपऱ्यात चिकटवता आला तर. फेरी रद्द, सरबत राहील. १०० रुपये मात्र द्यावेत, सतरा फ्लॅट बाकी आहेत.

गावडे
फेरी रद्द, तर ५० का नाही?

रोहन
जिना धुतला. डबा कचऱ्यात टाकू का?

कामत काका
टाकू नको रे, माझा आहे तो. घासून ठेव. चवथीला मखराचा रंग त्यातच कालवतो.