सोलापुरात चालणाऱ्यांसाठी पैसा आला तर पहिला रुपया अक्कलकोट रोडला लावा. पटतंय का?

पूर्वभागातला:
मी अक्कलकोट रोडला एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो. रोज सकाळी एक गोष्ट बघतो, ती सांगतो. तीन-चार अक्का, म्हणजे विडी कामगार बायका, दुभाजकावर उभ्या असतात. कडेवर सूप, पिशवीत आदल्या दिवशी वळलेल्या विड्या, त्यावर ओलं फडकं. कंटेनर गेला की पदर उडतो, आणि एकीनं दुसरीचं कोपर धरलेलं असतं. वाहनांना वळायला जिथं दुभाजक मोडलाय ती जागा लांब आहे, म्हणून ह्या इथूनच ओलांडतात. दुभाजक चढायला गुडघाभर. तर कुणीतरी अर्धी शहाबादी फरशी टेकवून पायरी केलीय. फरशीचा कोपरा पायांनी गुळगुळीत झालाय. म्हणजे हे कालपरवाचं नाही.

आता माझं म्हणणं. जानेवारी २०१६ ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आपलं नाव आलं. काम कुठं दिसलं? रंगभवन, पार्क, तलावाची बाजू. वाईट झालं असं नाही, मीही संध्याकाळी पोरांना घेऊन जातो. पण तिथं माणूस हौसेनं चालतो. घोंगडे वस्तीत, शास्त्रीनगरात, विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, पोटासाठी चालतो. २०२२ मध्ये देशात ३२,८२५ पादचारी रस्त्यावर मेले, हा सरकारचाच आकडा. पुढचा आराखडा करताना टेबलावर नकाशा पसरण्याआधी असल्या फरशा शोधत फिरा. जिथं फरशी, तिथं क्रॉसिंग, तिथं दिवा. बाकी नंतर.

जुळे सोलापूरकर:
भावना पोचल्या. पण चार-चार, पाच-पाच दिवसांनी नळाला पाणी येतंय त्या गावात फुटपाथ मागायचे? आधी पाणी, मग ड्रेनेज, मग रस्ता. आणि क्रम चुकला तर काय होतं ते आमच्या गल्लीत या, दाखवतो. पेव्हर ब्लॉक बसवले, सहा महिन्यांत पाइपसाठी उकरले, आता निम्मे ब्लॉक लोकांच्या अंगणात चुलीखाली आहेत.

पूर्वभागातला:
काका, उकरणार आहेतच ना? मग चर बुजवताना कडेची चार फूट पट्टी सपाट करा, गटारावर धड झाकण टाका. त्याच ठेक्यात. वेगळा उद्घाटनाचा नारळ नको. आज चर बुजवतात तो मुरमाचा उंचवटा ठेवून, आणि म्हातारी माणसं त्यावरून चालण्यापेक्षा डांबरावरून चालतात.

निवृत्त ओव्हरसियर:
तीस वर्षं रस्तेच केले, म्हणून चार शब्द. पादचाऱ्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका आहे, आयआरसी १०३. तिच्यात फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेची उंची जास्तीत जास्त १५० मिमी सांगितलीय. आपल्याकडे रुंदी कमी आणि उंची दुप्पट. गुडघे दुखणारी बाई त्यावर चढतच नाही, आणि मग आपण म्हणतो, फुटपाथ दिला तरी लोक वापरत नाहीत.

पण पोरा, तुझ्या फरशीपाशी घोडं अडतंय. तो राष्ट्रीय महामार्ग आहे. तिथं कुणीही उठून गतिरोधक टाकू शकत नाही, टाकूही नये. भरधाव ट्रकसमोर अचानक उंचवटा आला तर मागचा ट्रक पुढच्यात घुसतो. आधी दोन्हीकडून कडकडणाऱ्या पट्ट्या, मार्गिका थोड्या अरुंद, दुभाजकात जमिनीलगत उभं राहायला सुरक्षित जागा, वर उजेड, आणि मग क्रॉसिंग. वेग हाच मूळ रोग. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग १ टक्क्यानं वाढला तर जीवघेण्या अपघाताची शक्यता ४ टक्क्यांनी वाढते. रस्ता गुळगुळीत चौपदरी केला की वेग किती वाढतो ते ज्याचं त्यानं बघावं.

दुसरी मेख म्हणजे हद्द. विडी घरकुल कुंभारी ग्रामपंचायतीत. महापालिकेचा आराखडा हद्दीच्या दगडापाशी संपतो, चालणारी बाई संपत नाही. ग्रामपंचायतीकडे ना इंजिनिअर ना पैसा. महापालिका, ग्रामपंचायत आणि महामार्गवाले, ही तीन कार्यालयं एका टेबलाशी बसल्याशिवाय तुझी फरशी तिथंच राहणार.

अशोक चौक, दुकानदार:
सगळं ऐकलं. आता आमचं ऐका. फुटपाथ रुंद केला की पहिल्या आठवड्यात गाड्या लागतात, दुसऱ्या आठवड्यात हातगाडी, महिन्यात चहाची टपरी. गिऱ्हाईक म्हणतं गाडी कुठं लावू, आणि पुढच्या दुकानात जातं. पुण्यात २००६ ला बीआरटीबरोबर, म्हणजे बससाठीच्या वेगळ्या मार्गिकेबरोबर, सायकल ट्रॅक केले, जाऊन बघा काय अवस्था आहे. त्यांना जमलं नाही ते आपण ह्या बोळांत करणार? आणि सायकल चालवतंय कोण बे आता?

मागवाल्याचा पोरगा:
माझा बाप चालवतो. रात्रपाळी सुटली की साडेसातला घरी येतो, कॅरेजला डबा. सायकलला दिवा नाही, मागं लाल चकती होती ती मी लहानपणी काढून खेळलो. गाडी घे म्हटलं तर म्हणतो, पेट्रोल तू घालणार का?

बाळीवेस:
दुकानदार दादा, बोळ अरुंद हे खरं. पण गड्ड्याला, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला, सात नंदीध्वज ह्याच रस्त्यांवरून जातात. तेव्हा गाड्या उचलल्या जातात, तारा वर होतात, टपरी आपोआप मागं सरकते. म्हणजे जागा आहे. मनात असलं की सापडते.

निवृत्त ओव्हरसियर:
तिथं सिद्धरामेश्वरांवरची श्रद्धा आणि दोन-चार दिवसांचा बंदोबस्त असतो. फुटपाथला ३६५ दिवस बंदोबस्त कोण देणार? दुकानदाराचं तेवढं मी मान्य करतो. उपाय एकच, हातगाडीला आखून जागा द्यायची. २०१४ चा फेरीवाला कायदा त्यासाठीच आहे. नुसतं हाकललं की संध्याकाळी परत.

अक्काची लेक:
सगळे माझ्या आईच्या चालण्यावर बोलताय, म्हणून लिहिते. आई शास्त्रीनगरात राहायची तेव्हा विडी कारखाना दहा मिनिटांवर, गल्लीतून. मग कुंभारीत गोदूताई परुळेकर वसाहतीत घर मिळालं. १०,००० घरांची वसाहत. घर स्वतःचं झालं ह्याचा आनंद आहेच, त्याला नाव ठेवणार नाही. पण काम लांब गेलं. आता शेजारी रे नगर झालं, ३०,००० घरांचा प्रकल्प, जानेवारी २०२४ ला पहिल्या १५,००० घरांच्या किल्ल्या दिल्या. एवढी माणसं एका रस्त्याच्या कडेला आणून ठेवली, तर ती ओलांडणार कुठून हे घराच्या नकाशाबरोबरच काढायला नको होतं?

आणि एक सांगू का, आईला चालायचंच नाही. चालते कारण रिक्षाला दिलेले पैसे मजुरीतून जातात. मागच्या पावसाळ्यात तुटक्या झाकणात पाय गेला. आई वाचली, विड्या गटारात. हजार विड्या वळायला दिवस जातो. त्या दिवशी गुडघ्याचं रक्त पुसायच्या आधी ती विड्या वेचत होती. तेव्हा तुमचा फुटपाथ नको, वेळेवर बस द्या आणि विडीचं पान-तंबाखू घरकुलातच मिळेल असं करा.

पूर्वभागातला:
ताई, पान-तंबाखू जवळ मिळावं हे सोळा आणे खरं. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मी आपला रस्त्यालाच धरून बसलो. पण बसचं बघा. सकाळी वसाहतीच्या बाजूनं चढल्या, ठीक. संध्याकाळी तीच बस पलीकडच्या बाजूला उतरवणार. मग फरशी आलीच की.

अक्काची लेक:
हो. ते आहे.

जुळे सोलापूरकर:
एक आडवा प्रश्न. कर आम्ही महापालिकेला भरतो, घरकुलवाले ग्रामपंचायतीला. मग आमच्या पैशातून हद्दीबाहेरचं क्रॉसिंग का?

अक्काची लेक:
काका, आईची विडी हद्दीच्या आत येते, तिचा बाजार हद्दीच्या आत होतो. संक्रांतीचं लुगडं ती मंगळवार बाजारातूनच घेते.

अशोक चौक, दुकानदार:
माझ्याकडून घेतलं असेल तर पुढच्या वेळी ओळख सांगा. क्रॉसिंगला माझी ना नाही. पार्किंगला आहे, आणि राहणार.

निवृत्त ओव्हरसियर:
फरशी नेमकी कुठं ते कळव. रविवारी सकाळी टेप घेऊन येतो. दुभाजकाची रुंदी दीड मीटरच्या वर भरली तर मधे उभं राहायची जागा सहज होईल. मोजल्यावर तिन्ही कार्यालयांना एकच अर्ज लिहू, आकड्यांसकट.

अक्काची लेक:
मी येते. आई म्हणते फरशी आता हलायला लागलीय. येताना खाली टेकवायला एखादा खडा आणा.