शिकवायला गेलो आणि तिथंच जोडीदार भेटला : तुमचे अनुभव

ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी कारखान्यावर भरणाऱ्या साखरशाळेत, वीटभट्टीवरच्या भोंगाशाळेत, वस्तीतल्या अभ्यासवर्गात नाहीतर रात्रशाळेत शिकवायला गेलात आणि तिथंच कुणी मनात भरलं, असं झालंय का तुमचं? लग्नापर्यंत गेलं नसेल तरी लिहा. माणूस मुलांशी कसा वागतो ते बघून जडलेल्या प्रेमात फसगत कमी, असं मला मनापासून वाटतं. मुलांची आणि संस्थांची नावं तेवढी नकोत.

साखरशाळा

आमची शाळा कारखान्यामागे, मजुरांच्या कोप्यांना, म्हणजे झोपड्यांना लागून. मुलं बहुतेक बीडकडची. आईबाप पहाटेच उसाच्या फडात जायचे, त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या मुली धाकट्या भावंडाला कडेवर घेऊनच यायच्या. बाळ रडलं की उठून जायच्या, त्या दिवसभर परत येत नसत. माझ्यासोबत शिकवणाऱ्या यानं एकदा आईचं जुनं लुगडं आणलं, शेडच्या आडव्या पाइपाला झोळी बांधली आणि एका हातानं झोका देत पाढे घेतले. बाळ झोपलं, ताई साताच्या पाढ्यापर्यंत बसली. मला तो तेव्हाच आवडला.

बोललो मात्र मार्चात. पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या आधी प्रत्येक मुलाचं शिक्षण हमी कार्ड भरून द्यायचं असतं, म्हणजे गावाकडच्या शाळेत अडचण येत नाही. रात्री ती कार्डं भरताना त्यानं विचारलं, "पुढच्या हंगामाला येणार ना?" म्हटलं, "तू येणार असशील तर." मान वर न करता तो लिहीत राहिला, पण त्या कार्डावर मुलाचं नाव दोनदा लिहिलं गेलं.

मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. पुढच्या हंगामाला आम्ही लग्न करूनच गेलो, तर एक पोरगी ओरडली, "सर-मॅडमचा कोयता झाला!"

पुण्यातली वस्ती

आमचे धर्म वेगळे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्नाची नोटीस दिली. त्यानंतर थांबायचे ते ३० दिवस घरच्यांमुळे फार जड गेले. तीन साक्षीदार लागतात. त्यातली एक आमच्या वर्गातल्या मुलाची आई. धुण्याभांड्याच्या कामांवर खाडा करून सहीला आली. मुलं अजून आम्हाला ताई-दादाच म्हणतात.

मुंबई, रात्रशाळा

माझं जुळलं नाही. ऑफिस सुटलं की तो बीजगणित घ्यायचा, मी इंग्रजी. मुलं दिवसभर हॉटेलात नाहीतर गाळ्यावर राबून यायची. कुणी डुलकी घेतली तर तो बाकापाशी जाऊन हळू आवाजात तेच गणित पुन्हा सांगायचा. त्याला बंगळूरला नोकरी लागली, मला आईला सोडून जाणं शक्य नव्हतं. दहावीच्या परीक्षेआधी रजा काढून तो उजळणी घ्यायला येतो. यंदा बायकोही आली होती. चांगली आहे.

वीटभट्टी

वाचून धीर आला. पावसाळ्यात भट्टी बंद होते, मग आमचा वर्गही. माझ्यासोबत शिकवते तिला त्याआधी विचारू का?

साखरशाळा

आधीच विचार. पण मुलांसमोर नको. वर्ग सुटल्यावर, तिला नाही म्हणायला अवघड जाणार नाही अशा बेतानं.